इम्प्लांटभोवतीची हिरडी खऱ्या दातासारखी दिसावी म्हणून काय करता येतं?

प्रश्न असा आहे: वरच्या जबड्यातल्या समोरच्या एका दाताच्या जागी २ वर्षांपूर्वी इम्प्लांट (हाडात घट्ट बसणारा टायटॅनियमचा स्क्रू, ज्यावर दाताची कॅप बसते) बसवला. तो घट्ट आहे, दुखत नाही, नीट चावता येतं. पण कॅप शेजारच्या दातापेक्षा लांब दिसते, हिरडीच्या कडेला करडी छटा आहे आणि एका बाजूला दोन दातांमध्ये काळी फट राहिली आहे. हिरडी सुधारता येईल का, की इम्प्लांट काढून सगळं पुन्हा करावं लागेल?

बऱ्याचदा सुधारता येते. पण या तिन्ही तक्रारी एकत्र दिसत असल्या तरी त्यांची कारणं वेगळी आहेत आणि तिन्हींत सारखं यश मिळत नाही. करडी छटा घालवणं त्यातल्या त्यात सोपं. लांब दिसणारी कॅप बरीच आटोक्यात आणता येते. काळी फट सगळ्यांत अवघड. दोष हिरडीत दिसतो, पण त्याचं मूळ बहुतेक वेळा दुसरीकडेच असतं: इम्प्लांट कुठे आणि कसा कलून बसलाय, खाली हाड किती आहे, कॅपचा आकार कसा आहे. म्हणून कुठला ग्राफ्ट (दुसरीकडून आणून हिरडीत बसवायचं ऊतक) करायचा हा प्रश्न नंतरचा. हिरडी वर का सरकली, हे आधी कळलं पाहिजे.

इम्प्लांटभोवतीची हिरडी मुळातच दाताभोवतीच्या हिरडीइतकी भक्कम नसते. खऱ्या दाताच्या मुळावर सिमेंटम नावाचा थर असतो आणि हिरडीतले कोलॅजनचे धागे त्यात आडवे रुतलेले असतात. टायटॅनियमवर असा थर नाही, त्यामुळे तिथे धागे इम्प्लांटला समांतर जातात किंवा त्याच्याभोवती गोल फिरतात. दात आणि हाड यांच्यामध्ये जो पातळ, लवचीक पडदा असतो, त्यातूनही हिरडीला रक्त पोचतं. इम्प्लांटला तो पडदाच नसतो. थोडक्यात, पकड कमी आणि रक्तपुरवठाही कमी. दाताच्या उघड्या पडलेल्या मुळावर हिरडी पुन्हा आणून चिकटवता येते. धातूवर ती तशी चिकटत नाही, नुसती टेकून राहते. म्हणूनच इम्प्लांटच्या बाबतीत आम्ही दंतवैद्य हिरडीच्या उंचीइतकाच, किंबहुना उंचीपेक्षा जास्त, तिच्या जाडीचा विचार करतो. जाड हिरडी स्वतःच्या बळावर उभी राहते. पातळ हिरडी आज टाक्यांनी ओढून खाली आणली तरी काही महिन्यांत परत जागेवर जाते.

तपासणीची सुरुवात मी ओठापासून करतो. मोकळेपणाने हसताना हिरडीची कड दिसते का? अनेकांचा वरचा ओठ एवढा खाली राहतो की ही सगळी भानगड फक्त आरशासमोर ओठ वर केल्यावरच दिसते. अशा वेळी काहीच न करणं हाही चांगला सल्ला असू शकतो. मात्र हसण्याचा फोटो ठरवून काढलेला नसावा. बोलता बोलता, खरं हसू येताना काढलेला हवा.

मग सूज. हिरडी लाल आहे, हात लावला की रक्त येतं, दाबल्यावर पू येतो, असं काही असेल तर सौंदर्याची चर्चा तिथेच थांबवायची. इम्प्लांटभोवती जंतुसंसर्ग असेल आणि एक्स-रेत हाड झिजलेलं दिसत असेल तर आधी त्याचे उपचार. कॅप सिमेंटने चिकटवलेली असेल तर हिरडीखाली उरलेलं सिमेंट हे सूज येण्याचं फार नेहमीचं कारण आहे आणि ते एक्स-रेत दर वेळी दिसतंच असं नाही. तंबाखू आणि सिगारेट यांबद्दल मी कडक आहे. धूम्रपानाने हिरडीतल्या बारीक रक्तवाहिन्या आकसतात, आणि ग्राफ्ट तर पहिले काही दिवस आजूबाजूच्या रक्तावरच जगतो. सोडायची तयारी नसेल तर मी ही शस्त्रक्रिया करत नाही. मधुमेह असेल तर साखर आधी आटोक्यात हवी.

यानंतरचं पाऊल अनेकांना अनपेक्षित वाटतं: कॅप काढायची. कॅप तोंडात असताना इम्प्लांटचं डोकं नेमकं कुठे आहे हे कळत नाही. सीबीसीटी, म्हणजे जबड्याचा त्रिमितीय एक्स-रे स्कॅनही इथे पुरेसा नाही, कारण धातूच्या चकाकीमुळे त्याच्या पुढच्या बाजूचं पातळ हाड स्कॅनमध्ये धूसर होतं. कॅप काढून वरून पाहिलं की चित्र स्पष्ट होतं. दोन्ही बाजूंच्या दातांच्या पुढच्या कडा हिरडीच्या पातळीवर जोडणारी एक काल्पनिक कमान डोळ्यांसमोर आणा. इम्प्लांटचं डोकं त्या कमानीच्या आत, टाळूच्या बाजूला असेल तर परिस्थिती चांगली आहे. कमानीच्या बाहेर, ओठाच्या बाजूला आलेलं असेल तर कुठलाही ग्राफ्ट त्याच्यावर कायम टिकवणं कठीण.

इटलीचे जियोवानी झुक्केली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये याच तत्त्वावर चार वर्गांची विभागणी मांडली. पहिल्या वर्गात हिरडीची पातळी बरोबर असते, पण करडी छटा दिसते किंवा हिरडी पातळ असते. दुसऱ्यात हिरडी वर सरकलेली, पण कॅप कमानीच्या आत. तिसऱ्यात कॅप बाहेर आलेली, मात्र ती काढल्यावर इम्प्लांटचं डोकं आतच असल्याचं दिसतं. चौथ्यात इम्प्लांटच बाहेर. दोन्ही बाजूंना, शेजारच्या दाताच्या मधल्या जागेत असणाऱ्या हिरडीच्या त्रिकोणांची उंची किती उरली आहे, यावरून प्रत्येक वर्गाचे पुन्हा पोटप्रकार पडतात. तुमच्या डॉक्टरांना विचारायचा सगळ्यांत उपयोगी प्रश्न हाच: कॅप काढल्यावर माझा इम्प्लांट कमानीच्या आत आहे की बाहेर?

दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्गातल्या बऱ्याच जणांच्या बाबतीत गुन्हेगार कॅपच असते. हिरडीच्या कडेखालचा साधारण पहिला मिलिमीटरभर भाग पुढून जास्त फुगीर ठेवला की तो हिरडीला वर ढकलतो. इम्प्लांट थोडा तिरका बसला असेल तर तंत्रज्ञ ते झाकण्यासाठी पुढून जास्त पोर्सेलिन चढवतो, आणि हिरडी आणखी वर जाते. अशा वेळी पहिला उपचार चाकूशिवायचा असतो. कॅप काढायची, अबटमेंट (इम्प्लांट आणि कॅप यांना जोडणारा भाग) बारीक करायचा किंवा बदलायचा, पुढची बाजू सपाट किंवा किंचित खोलगट ठेवायची आणि काही आठवडे वाट पाहायची. मधल्या काळात शेजारच्या दातांना चिकटवलेला तात्पुरता दात लावता येतो, त्यामुळे चार लोकांत जायला अडचण येत नाही. मोकळी जागा मिळाली की हिरडी आपसूक जाड होते आणि थोडी खालीही येते. काही वेळा एवढ्यावरच काम भागतं. भागलं नाही तरी ग्राफ्टला झाकायला जास्त हिरडी हाताशी येते, म्हणून हे आठवडे कधीच वाया जात नाहीत. पेशंटला घाई असते आणि डॉक्टरलाही असते. दोघांनी ती आवरावी.

आता ग्राफ्टबद्दल. समोरच्या दातांसाठी आजही माझी पहिली पसंती रुग्णाच्या स्वतःच्याच टाळूतून घेतलेल्या संयोजी ऊतकाला आहे, म्हणजे वरची त्वचा सोडून तिच्या आतला घट्ट, तंतुमय थर. हिरडीची जाडी वाढवण्यासाठी हा थर आत सरकवण्याचं तंत्र लँगर आणि कॅलाग्ना यांनी १९८० मध्ये मांडलं. हत्यारं बारीक झाली, टाके केसासारखे झाले, सूक्ष्मदर्शक आला, पण मूळ कल्पना तीच राहिली. सुळ्याच्या मागच्या बाजूपासून पहिल्या दाढेपर्यंतच्या टाळूतून साधारण १ ते १.५ मिमी जाडीची पट्टी घेतात. त्या भागात मागून पुढे एक धमनी जाते. टाळू उथळ असेल तर ती दातांच्या मानेपासून सुमारे ७ मिमीवर असू शकते आणि खोल असेल तर १७ मिमीपर्यंत लांब. त्यामुळे पट्टी किती रुंद घ्यायची हे टाळूचा आकार पाहूनच ठरतं. वरच्या शेवटच्या दाढेमागच्या उंचवट्यातही चांगलं ऊतक मिळतं. ते अधिक घट्ट असतं, त्यात चरबी कमी असते आणि नंतर दुखतंही कमी. मात्र ते काही जणांत गरजेपेक्षा जास्त वाढतं आणि मग थोडं खरवडून कमी करावं लागतं. जाडी हवी असेल तर मला हे ऊतक आवडतं.

ही पट्टी इम्प्लांटच्या पुढे, हिरडीच्या आत तयार केलेल्या खिशात किंवा बोगद्यात सरकवतात आणि टाक्यांनी घट्ट बसवतात. दोन दातांमधल्या हिरडीला शक्यतो काप देत नाही, कारण तिथलं रक्त तुटलं की काळी फट आणखी वाढते. हिरडीची कड खाली आणायची असेल तर पुढचा पडदा ताण न पडता मोकळा करून, ग्राफ्ट झाकून, ठरवलेल्या पातळीच्या किंचित खाली टाके घेतो, कारण भरताना थोडं आकुंचन होतंच. पहिले दोन दिवस ग्राफ्ट फक्त आजूबाजूच्या द्रवावर जगतो; मग बारीक रक्तवाहिन्या त्यात शिरू लागतात. म्हणून पहिल्या आठवड्यात ओठ वर करून पाहायचं नाही. घरच्यांना दाखवण्यासाठीही नाही! गेलेले ग्राफ्ट बहुतेक वेळा हलल्यामुळे गेलेले असतात.

डुक्कर किंवा गाय यांच्या कोलॅजनपासून बनवलेल्या तयार पट्ट्या आणि पेशी काढून टाकलेली मानवी त्वचा हेही पर्याय आहेत. टाळूवर जखम होत नाही हा त्यांचा मोठा फायदा, आणि ज्यांच्या टाळूतच पुरेशी जाडी नाही त्यांना त्यांचाच आधार. पण समोरचा दात, वर सरकलेली कड आणि पातळ हिरडी असं तिन्ही एकत्र असेल तर मी टाळूकडेच जातो. रक्तातून काढलेला फायब्रिनचा थर, म्हणजे पीआरएफ, जखम भरायला मदत करतो. जाडी मिळवण्यासाठी ग्राफ्टऐवजी त्याच्यावर विसंबू नये. काळ्या फटीत हायल्युरॉनिक ॲसिडची इंजेक्शनं देण्याची टूम आहे. त्याने थोडा फुगीरपणा येतो, पण तो टिकेल याचा भरवसा देता येत नाही, आणि फट मोठी असेल तर उपयोग नगण्य.

करडी छटा जाडीनेच जाते. झुरिकच्या रोनाल्ड युंग आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये डुकराच्या जबड्यांवर वेगवेगळ्या जाडीच्या हिरडीखाली टायटॅनियम आणि झिर्कोनिया (दातासारखं पांढरं, कडक सिरॅमिक) ठेवून रंग मोजले. हिरडी २ मिमी जाड झाली की झिर्कोनियाने डोळ्यांना दिसेल असा रंगबदल होत नव्हता, आणि ३ मिमी जाडीखाली कुठलाच पदार्थ डोळ्यांना ओळखता येत नव्हता. म्हणून छटा हाच मुख्य त्रास असेल तर दोन वाटा आहेत: हिरडी जाड करणं, किंवा अबटमेंट झिर्कोनियाचा अथवा गुलाबी-सोनेरी रंगछटा दिलेल्या टायटॅनियमचा घेणं. दोन्ही एकत्र केलं तर उत्तमच. मात्र करडेपणा इम्प्लांटच्या अंगातून येत असेल, म्हणजे पुढचं हाडच नसेल आणि इम्प्लांट हिरडीतून दिसत असेल, तर नुसता अबटमेंट बदलून काही होत नाही.

जाडीचा फायदा दिसण्यापुरता नाही. हाडावरची हिरडी २ मिमी किंवा त्याहून कमी जाडीची असेल तर पहिल्या वर्षातच इम्प्लांटच्या मानेभोवतीचं हाड १.४५ मिमीपर्यंत झिजतं, असं लिंकेविचियस यांच्या गटाला २००९ मध्ये आढळलं. हिरडीला सील करण्यासाठी ठरावीक उंची लागते. ती मिळाली नाही तर शरीर हाड मागे घेऊन ती जागा करून घेतं, आणि हाड मागे गेलं की खाटेवर टाकलेल्या चादरीसारखी हिरडी त्या नव्या आकारावर बसते.

आता काळ्या फटीचं. दोन दातांमधला हिरडीचा त्रिकोण कशावर उभा असतो? शेजारच्या खऱ्या दाताच्या हाडावर. अमेरिकेचे डेनिस टार्नो आणि सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये खऱ्या दातांमधलं अंतर मोजलं. दोन दात जिथे एकमेकांना टेकतात तिथपासून हाडाच्या टोकापर्यंत ५ मिमी किंवा कमी अंतर असेल तर त्रिकोण जवळजवळ नेहमीच पूर्ण भरलेला होता; ६ मिमीला ५६ टक्के ठिकाणी आणि ७ मिमीला २७ टक्के. एका मिलिमीटरने एवढा फरक पडतो. इम्प्लांट आणि दात यांच्यामध्ये ही मर्यादा आणखी कडक आहे, साधारण ४.५ मिमी. दोन इम्प्लांट शेजारी शेजारी असतील तर मधल्या हाडावर हिरडीची सरासरी उंची जेमतेम ३.४ मिमी मिळते. म्हणून समोरचे दोन सलग दात गेले असतील तर दोन्हीकडे इम्प्लांट घालण्यापेक्षा एकावर दोन दात बसवणं बऱ्याचदा देखणं ठरतं.

याचा अर्थ असा की शेजारच्या दाताचं हाड शाबूत असेल तर त्रिकोण बराच परत येतो, कधी कधी फक्त कॅपचा आकार बदलून. ते हाडच झिजलेलं असेल तर शस्त्रक्रियेने त्रिकोण उभा करण्याचं खात्रीचं तंत्र आज कुणाकडेही नाही, आणि शंभर टक्के हमी देणाऱ्याकडून दुसरं मत घ्यावं. तेव्हा फट बंद करायचा रस्ता दुसरा: दोन दातांचा टेकण्याचा बिंदू हिरडीकडे सरकवायचा. कॅपची बाजू थोडी रुंद करून आणि शेजारच्या खऱ्या दातावर कंपोझिटचा, म्हणजे दाताच्या रंगाच्या भरण्याच्या पदार्थाचा, पातळ थर चढवून ५ मिमीचं गणित जुळवता येतं. दात थोडे चौकोनी दिसतात, पण काळं दिसण्यापेक्षा ते कितीतरी बरं. शेजारच्या दातावर तारेच्या उपचाराने हळूहळू ओढ देऊन त्याच्यासोबत हाड आणि हिरडी खाली आणणं हाही खात्रीचा उपाय आहे. वेळ मात्र लागतो, आणि त्या दाताची टोकं घासून त्याला आकार द्यावा लागतो. शेवटचा पर्याय गुलाबी पोर्सेलिन. तज्ज्ञांच्या गप्पांत त्याला जरा कमी लेखतात, माझ्या मते विनाकारण. हिरडी आणि हाड मोठ्या भागात गेलेलं असेल तर तीन शस्त्रक्रिया करून मिळतं त्याहून सुंदर रूप कसबी तंत्रज्ञ गुलाबी पोर्सेलिनने देतो. अट एवढीच की खोटी आणि खरी हिरडी जिथे मिळते ती रेघ ओठाआड लपली पाहिजे आणि खालून साफ करता आली पाहिजे.

ग्राफ्ट भरल्यावर लगेच कायमची कॅप बसवू नये. निदान ३ महिने, कड खाली आणली असेल तर त्याहून जास्त, हिरडीला स्थिर होऊ द्यावं. ग्राफ्ट पहिल्या महिन्यात फुगलेला दिसतो आणि नंतर उतरतो. पहिल्या महिन्यातल्या फोटोवर खूश होऊ नये, आणि घाबरूही नये. या काळात तात्पुरती कॅप हेच खरं हत्यार. ती स्क्रूने बसणारी असावी, म्हणजे काढून, थोडं ॲक्रेलिक किंवा कंपोझिट चढवून किंवा घासून परत बसवता येते. पुढच्या बाजूला कडेपाशी कमी केलं की हिरडी खाली येते, वाढवलं की वर जाते. बाजूंना, कडेच्या जरा खाली, थोडा फुगवटा दिला की त्रिकोणाला आधार मिळून तो किंचित उंचावतो. प्रत्येक वेळी हिरडी पांढरी पडते. १० ते १५ मिनिटांत ती पुन्हा गुलाबी झाली पाहिजे. झाली नाही तर दाब जास्त आहे, कॅप काढून घासायची. ही कॅप सारखी सारखी काढू नये हेही तितकंच खरं. दर वेळी आतलं सील तुटतं आणि वारंवार तुटलं की हाड किंचित मागे जातं. म्हणून आकारातले बदल थोडक्या भेटींत करायचे.

घडवलेला आकार प्रयोगशाळेपर्यंत पोचवणं हा दुर्लक्षित टप्पा आहे. तात्पुरती कॅप काढली की काही मिनिटांत हिरडी आत कोसळते आणि नेहमीच्या गोल मापकाने (माप घेण्यासाठी इम्प्लांटवर बसवायचा तुकडा) माप घेतलं तर तंत्रज्ञाला सगळी मेहनत दिसतच नाही. त्यासाठी तात्पुरत्या कॅपच्या हिरडीखालच्या भागाचा ठसा मापकावर उतरवून मग माप घेतात, किंवा ती कॅप तोंडाबाहेर स्कॅन करून तोच आकार कायमच्या कॅपला देतात. तुमच्या उपचारात हा टप्पा आहे का, हे विचारायला हरकत नाही.

मागच्या दाढांच्या इम्प्लांटची तक्रार वेगळी असते. तिथे दिसण्यापेक्षा ब्रश करताना होणारी चुरचुर महत्त्वाची. इम्प्लांटभोवती घट्ट, न हलणाऱ्या हिरडीची पट्टी किमान २ मिमी असावी असं साधारण मानलं जातं. ती नसली की गालाची मऊ त्वचा थेट इम्प्लांटला लागून हलते, ब्रश दुखतो, माणूस तो भाग टाळतो आणि मळ साचतो. इथे टाळूची वरची त्वचा असलेली पट्टी बसवतात. ती वर्षभरात बरीच आकसते, साधारण एक तृतीयांशाने, आणि रंगाने फिकट राहते. म्हणूनच समोरच्या दातांसाठी ती वापरत नाहीत. टाळूवरची जखम २ ते ४ आठवड्यांत भरते. वर प्लास्टिकचं आवरण घातलं तर खाणं सुसह्य होतं.

ज्यांचा दात अजून काढायचा आहे त्यांनी हे वाचत असाल तर तुमच्या हातात सगळ्यांत जास्त आहे. वरच्या समोरच्या दातांपुढचं हाड बहुतेकांत १ मिमीपेक्षाही पातळ असतं आणि ते दातामुळेच जिवंत राहतं. दात काढला की ते जातं. श्रोप आणि सहकाऱ्यांच्या २००३ च्या अभ्यासात दात काढल्यानंतर वर्षभरात हाडाची रुंदी साधारण निम्म्याने घटली होती, आणि त्यातली दोन तृतीयांश घट पहिल्या ३ महिन्यांतली. म्हणून दात काढण्याच्या आधी योजना हवी. पुढची भिंत शाबूत असेल तर त्याच दिवशी इम्प्लांट टाळूच्या बाजूला सरकवून बसवता येतो, पुढची मोकळी जागा हळू विरघळणाऱ्या हाडाच्या कणांनी भरता येते, आणि पातळ हिरडी असेल तर त्याच वेळी ग्राफ्ट घालता येतो. इम्प्लांटच्या पुढे सुमारे २ मिमी हाड, शेजारच्या दातापासून १.५ मिमी, दुसऱ्या इम्प्लांटपासून ३ मिमी आणि ठरवलेल्या हिरडीच्या कडेपासून ३ ते ४ मिमी खोल: एवढी मापं पाळली तर नंतरचे बरेच ग्राफ्ट टळतात. वाचणार नाही असा दात तारेने महिन्याला साधारण १ मिमी या गतीने खाली ओढून, त्याच्यासोबत हिरडी आणि हाड मिळवून मगच तो काढणं ही माझी आवडती युक्ती आहे. पेशंटला ती विचित्र वाटते: जो दात जाणारच, त्याला तार कशाला?

आणखी एक गोष्ट तरुण रुग्णांना आधीच सांगावी लागते. खरे दात आयुष्यभर थोडे थोडे खाली येत राहतात, इम्प्लांट हाडात जिथल्या तिथे राहतो. काही वर्षांनी इम्प्लांटची कॅप शेजारच्यापेक्षा आखूड आणि तिची हिरडी वर दिसू लागते. विशीत बसवलेल्या समोरच्या इम्प्लांटमध्ये हे जास्त जाणवतं. तुमच्या बाबतीतही २ वर्षांत पातळी बदलत गेली आहे का, हे जुन्या फोटोंशी ताडून पाहा. बदल अजून चालू असेल तर कारण शोधणं निकडीचं. पहिल्या दिवसापासून असंच असेल तर घाई नाही.

शेवटी इम्प्लांट काढण्याचा प्रश्न. तो घट्ट असतानाही काढावा लागतो असे रुग्ण असतात: डोकं कमानीच्या बाहेर, पुढे हाड नाही आणि दोन्ही बाजूंचे त्रिकोण बसलेले. अशा जागी ग्राफ्टवर ग्राफ्ट करून टाळू खर्ची घालण्यापेक्षा उलट फिरवून इम्प्लांट काढण्याचं यंत्र वापरून तो बाहेर घ्यावा. त्याने हाडाची हानी कमी होते. मग आधी हिरडी भरू द्यायची, नंतर हाड आणि हिरडी उभी करायची आणि काही महिन्यांनी योग्य जागी नवा इम्प्लांट किंवा शेजारच्या दाताला चिकटवलेला पूल (ब्रिज) करायचा. मधली वाट अशीही आहे की इम्प्लांट हाडातच ठेवून, त्याच्यावर हिरडी बंद करून, वरून पुलाचा दात बसवायचा. इम्प्लांटमुळे आजूबाजूचं हाड टिकतं आणि दिसण्याचं काम पुलावर सोपवता येतं.

तुम्ही केलेल्या वर्णनात इम्प्लांट घट्ट आहे आणि सुजेचा उल्लेख नाही, त्यामुळे माझ्या मनातला क्रम असा: हसण्याचा फोटो आणि जुने फोटो, एक्स-रे, कॅप काढून इम्प्लांटच्या जागेची पाहणी, कॅप फुगीर निघाली तर बारीक तात्पुरती कॅप आणि काही आठवड्यांची वाट, मग टाळूतला ग्राफ्ट, तीनेक महिन्यांनी तात्पुरत्या कॅपने आकार देणं आणि शेवटी झिर्कोनियाच्या अबटमेंटवरची कायमची, शक्यतो स्क्रूने बसणारी कॅप. शेजारच्या दाताचं हाड चांगलं निघालं तर फटीसाठी वेगळं काही करावंही लागणार नाही. ते झिजलेलं असेल तर कंपोझिटचा विचार पहिल्याच भेटीत मांडून घ्या, म्हणजे शस्त्रक्रियेकडून ती अपेक्षा राहणार नाही. टाके साधारण १० ते १४ दिवसांनी निघतात. तोवर त्या जागी ब्रश नाही, फक्त क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशक द्रवाची चूळ, आणि चावणं दुसऱ्या बाजूने.